डोळ्यातली वीज

बद्रीनाथनं जीपच्या टपावर थाप मारली आणि वाटूर फाट्यावर रेंगाळणाऱ्या माणसांना हाक दिली.

"चला, बसून घ्या जल्दी. नंबराला उशीर झाला तर तिथंच दुपार होती."

माणसं लगबगीनं चढली. मागच्या बाकावर शालू आणि तिची आई बसल्या. शालूचं लग्न ठरत आलं होतं, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांनी जाता जाता तिच्या चष्म्याचा नंबर विचारला होता. त्यांच्यासमोर बद्रीनाथची बायको गोजरबाई, मांडीवर दशम्यांचं गाठोडं घेऊन. तिच्या शेजारी गावातली आणखी दोन म्हातारी माणसं. सगळ्यात शेवटी आला फकरोद्दीन. पायरी कुठं आहे ते त्यानं पायानं चाचपून पाहिलं.

फाट्यावर फकरोद्दीनचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. तांब्याची बारीक तार मोटारीत भरायची तर ती त्यानंच, असं चार गावं म्हणायची. पण साखरेच्या आजारानं त्याच्या डोळ्यांमागचा पडदा पोखरला होता आणि आता तार भरताना तो नजरेपेक्षा बोटांवरच जास्त विसंबायचा.

"फकरू, मागं कुठं चालला? पुढं ये, माझ्याजवळ," बद्रीनाथ म्हणाला.

ड्रायव्हर अंगद, मधे फकरोद्दीन आणि खिडकीशी बद्रीनाथ, अशी बैठक जमली. गाडी सुटली.

आजचा दिवस बद्रीनाथचा होता. तिसरीत असताना त्याला चष्मा लागला आणि दरवर्षी काच जाडच होत गेली. पोरांनी त्याचं नाव 'भिंग्या' पाडलं. कबड्डीत कुणी त्याला घ्यायचं नाही. लग्नात फोटोवाल्यानं चष्मा काढायला लावला, त्यामुळे अंतरपाट बाजूला झाला तेव्हा त्याला समोर नुसता एक पिवळा डाग दिसला होता. गोजरबाईचं तोंड त्यानं नीट पाहिलं ते रात्री जेवताना. मोसंबीची बाग त्यानं हिमतीनं उभी केली, गावात मान मिळवला, पण भिंग्या हे नाव काही पुसलं नाही.

मग कुणीतरी त्याला वडीगोद्रीजवळच्या रखमाजीकडं नेलं. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये रखमाजी बसायचा. झाडपाल्याचा चरचरणारा रस डोळ्यांत सोडायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी बुबुळं दाबून धरायचा. माणूस कळवळला की म्हणायचा, "सोसा. चष्मा म्हंजी डोळ्याची कुबडी. कुबडी टाकल्याबिगर पाय चालत न्हाई." बद्रीनाथनं कुबडी टाकली. दर खेपेला दाबून घेतलं. आणि गेल्या खेपेनंतर, गोठ्यात वैरण टाकताना, त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली.

आभाळ कोरडं होतं. त्यानं मान वळवली, पुन्हा चमकली. डोळा मिटला, तरी चमकली. हातातली पेंढी टाकून तो घराकडं पळत सुटला होता.

"उजेड येऊन राह्यला," तो गोजरबाईला म्हणाला. "माझ्या डोळ्यात उजेड येऊन राह्यला."

रखमाजीला फोन लावला तेव्हा तोही खूश झाला. तेज जागं होतंय, म्हणाला. काळे ठिपके तरंगताना दिसले तर घाबरू नका, तो मळ बाहेर पडतोय. ठिपके दिसलेच. बद्रीनाथला समोरचा माणूस अजूनही पुसटच दिसत होता, पण ज्याच्या डोळ्यात वीज खेळते त्यानं पुसटाची काय फिकीर करावी? दारात माणसं गोळा झाली. जो तो विचारायला लागला, आम्हालाही न्याल का?

"ह्या फकरूचंच बघा," आता तो मागे वळून सांगत होता. "दवाखान्यानं डोळ्यात सुया अन् लेझर सांगितलं होतं. मी म्हणलं, सोड ते. सोडलं त्यानं. आता ह्याच्या डोळ्यातबी येतीया का न्हाई बघा वीज."

मागं सगळे हसले. शालू तर चष्मा काढून, डोळे बारीक करून आतापासूनच शेतं पाहत होती. फकरोद्दीन रस्त्याकडं बघत राहिला.

घनसावंगी मागं पडलं. बद्रीनाथच्या गप्पांना जोर चढला होता. चष्मा नसलेल्या माणसानं काय काय करावं ते तो सांगत होता. विहिरीत सूर मारावा, नदीच्या पलीकडचा माणूस चालण्यावरून ओळखावा. बोलता बोलता त्याला वाटलं, डाव्या गालापाशी रुमालाचं टोक आलंय. त्यानं हातानं झटकलं. तिथं काही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा झटकलं.

मग त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला. समोरची काच, रस्ता, बाभळी सगळं पुसट होतं, ते रोजचंच. पण कानाकडच्या बाजूला पुसटसुद्धा काही नव्हतं. काळं होतं, आणि त्या काळ्याची कड हलत होती.

त्याचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"अवं, दशमी घ्या," मागून गोजरबाई म्हणाली. तिनं दाराच्या बाजूनं हात पुढं केला होता. बद्रीनाथला तो दिसला नाही, त्यानं हात नुसताच उचलला. तिला वाटलं त्यानं धरली, म्हणून तिनं सोडली, आणि दशमी त्याच्या मांडीवरून खाली पडली.

फकरोद्दीननं वाकून ती चाचपत उचलली. मग बद्रीनाथच्या तोंडाकडं वळून, आपल्या अधू नजरेनं बराच वेळ बघत राहिला.

अंबडला नाक्यावर चहासाठी गाडी थांबली. इथून एक रस्ता वडीगोद्रीला जातो, एक जालन्याला. माणसं टपरीवर गेली. बद्रीनाथ खाली उतरला आणि गाडीला पाठ टेकून तिथंच उभा राहिला. फकरोद्दीन चहाचा कप घेऊन चाचपत त्याच्याजवळ आला.

"फकरू," तो हळूच म्हणाला, "ह्या डोळ्यात पडदा उतरून राह्यला."

"कोणत्या बाजूनं?"

"कानाकडून. मघा बोटभर व्हता. आता वाढला."

फकरोद्दीननं हातातला चहा न पिताच खाली ओतून दिला.

"अंगद, गाडी जालन्याला घे. बिलकुल टाइम घालवू नको."

"आन् आम्ही?" शालूची आई पुढं आली. "काय झालं काय?"

सगळे बद्रीनाथकडं पाहत होते. यांतला प्रत्येक जण त्याच्या शब्दावर घराबाहेर पडला होता. त्याला वाटलं, काहीतरी सांगावं, पोटात दुखतंय म्हणावं, आणि गाडीत बसावं. त्यानं एकदा शालूकडं पाहिलं. ती चष्मा मुठीत धरून उभी होती.

"माझा डोळा जाऊन राह्यला, माय," तो म्हणाला. "तिथं जाऊ नका."

"असं कसं? काल तर उजेड आला म्हणत व्हता तुम्ही."

"म्हणत व्हतो."

"मंग गुण यायच्या आधी असंच व्हत असंल. तुम्ही धीर सोडला म्हणून आम्हीबी सोडायचा का?"

तिनं शालूचा दंड धरला. दोन्ही म्हातारी माणसंही तिच्यामागून निघाली. वडीगोद्रीकडं जाणारी काळी-पिवळी जीप उभीच होती. शालू चढताना एकदा मागं वळून पाहत होती, तेवढ्यात दार लागलं.

अंगदनं जीप अशी सोडली, की गोजरबाईला दोन्ही हातांनी बाक धरावा लागला. जालन्याच्या वेशीपाशी फकरोद्दीन रस्ता सांगायला लागला. जुन्या जालन्यातून नको, आडत दुकानांपाशी हातगाड्या आडव्या असतात. पुढून घे. आता वळ. ते निळं गेट दिसतंय का बघ. आत घे, उजवीकडं उतार आहे, तिथंच लाव. स्वतःला बोर्ड वाचता येत नसलेला माणूस बरोबर रस्ता सांगत होता. बद्रीनाथ घाबरलेला होता. त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

दारातच एक सिस्टर थबकली.

"चाचा, तुमची तारीख तर पुढच्या आठवड्यात आहे ना? आज कसे?"

"आज माझं न्हाई," फकरोद्दीन म्हणाला. "माझ्या दोस्ताचं. ह्याला पहिलं आत घ्या."

बद्रीनाथनं मान वळवली. पण तोवर त्याला आत नेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध टाकून बाहुली मोठी केली, कपाळाला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, "डोळे कुणाकडून दाबून घेतले होते का?"

"व्हय."

"एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्यात पडदा आधीच ताणून पातळ झालेला असतो. तुम्हाला वीज दिसत होती ना, ती पडदा ओढला जात होता म्हणून. ठिपके दिसले तेव्हा तो फाटला. त्याच वेळी आला असता तर लेझरवर भागलं असतं. आता तो सुटत चाललाय." त्यांनी कपाळावरचा दिवा काढला. "नजरेचा मधला भाग अजून चिकटून आहे. उद्या सकाळी ऑपरेशन करू. डोळा वाचवता येईल. नजर किती राहील, ते आज मी सांगू शकत नाही."

गोजरबाई अंगदला घेऊन कागदांवर सह्या करायला गेली. बद्रीनाथ बाहेरच्या बाकावर, फकरोद्दीनच्या शेजारी येऊन बसला.

"तू येत व्हता इथं," तो म्हणाला.

"व्हय."

"सुया?"

"सुया. लेझरबी."

"मला म्हणला, सोडलं."

फकरोद्दीननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू घरून सरळ माझ्या दुकानात आल्ता, बद्री. पायात चप्पल न्हाई. म्हणला, फकरू, उजेड आला. शाळंपासून तुला वळखतो, इतका खूश मी तुला कधी पाह्यला न्हाई. माझ्या तोंडातून खरं निघंना. मला ठाव न्हवतं रे वीज म्हंजी काय. पण डॉक्टरीणबाईला इचारू शकत व्हतो. समोरच बसलो व्हतो तिच्या."

"मंग आज गाडीत कशाला बसला?"

"तू बोलावलं म्हणून."

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक बाई काठी टेकत समोरून गेली. डोळ्यातल्या औषधानं त्याला उजेड सोसत नव्हता. त्यानं डोळे मिटून घेतले आणि खिशातला मोबाइल काढून शेजारी धरला.

"शालूच्या मायला लाव."

फकरोद्दीननं मोबाइल नाकापाशी नेऊन नंबर शोधला. घंटी वाजायला लागली. पलीकडून गलका ऐकू आला, त्यात शालूच्या आईचा घाईघाईचा आवाज. आता नका लावू फोन, पुढं दोघंच राह्यलेत, मंग आमची पोरगी.

फकरोद्दीननं मोबाइल बद्रीनाथच्या हाताशी आणला. बद्रीनाथनं तो मागं सारला.

"माझं बोलून झालंय," तो म्हणाला. "आता तू बोल."

फकरोद्दीननं मोबाइल कानाला लावला.

"शालूची माय, मी फकरोद्दीन. पोरीला रांगेतून बाहेर काढा. काढल्यावर सांगतो."