हलीनाबाईंना दोन चिठ्ठ्या

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. नवऱ्याच्या नोकरीपायी साउथहॅम्प्टनला आले, तरी पुण्याच्या प्रकाशकाची पानं माझ्याकडे येतच राहिली. नियमावली हाताशी असल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हे खूळ अंगात मुरलेलं. त्याच खुळापायी मी आमच्या रस्त्यावरची एकुलती एक मैत्रीण घालवून बसले.

शेजारच्या हलीनाबाई झारेंबा पोलंडच्या. माझे यजमान गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, दर मंगळवारी माझे कचऱ्याचे बिन्स त्याच बाहेर ओढायच्या आणि मग माझ्याकडे चहाला बसायच्या. मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी लगेचच्या मंगळवारी काठी टेकत बिन्सपाशी हजर. तोंडाने सांगून ऐकेनात. म्हटलं, त्यांच्याच भाषेत चिठ्ठी लिहावी, म्हणजे तरी मनावर घेतील.

भाषांतर फोनने करून दिलं. पण तपासल्याशिवाय द्यायचं कसं? माझा मुलगा नकुल मिल्टन कीन्सला आयटीत आहे. त्याच्याकडे पोलिशची स्टाइल गाइड मागितली, त्याने ऑफिसातली पाठवली. त्यात लिहिलं होतं: वाक्य छोटं ठेवा, थेट क्रियापद वापरा, 'प्लीज' गाळा, 'पानी' गाळा. पानी म्हणजे आपलं बाई किंवा मॅडम. पाण्याशी काही संबंध नाही. मी इमानेइतबारे लाल पेन चालवलं, चिठ्ठी सुवाच्य अक्षरात उतरवली आणि त्यांच्या लेटरबॉक्समधून आत टाकली.

दुसऱ्या दिवशी, ऑपरेशननंतर मी त्यांना दिलेला खिचडीचा डबा धुऊनपुसून माझ्या पायरीवर ठेवलेला. बेल नाही, काही नाही. तीन मंगळवार तसेच गेले. समोर आल्या तर 'मॉर्निंग' म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मला दुपारचा चहा जाईना.

चिठ्ठीतच काहीतरी चुकलंय, एवढं मला कळत होतं. शेवटी बसने लायब्ररीत गेले. पोलिश शिकणाऱ्यांसाठी एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात पत्रलेखनाचं प्रकरण. 'पानी' कधीही गाळू नये. नुसत्या आडनावाने हाक मारणं अपमानाचं. 'बसा' म्हणू नये, 'पानींनी बसावं' असं लिहावं. मी तशीच बाहेर येऊन नकुलला फोन लावला.

"अगं आई, ती गाइड अ‍ॅपसाठी होती," तो म्हणाला. "बटन्सवर काय लिहायचं, त्याची."

म्हणजे मी लिहिलं होतं: 'झारेंबा, बिन्सना हात लावू नकोस. घरात बस.' आणि तेही तीस वर्षं लोकांच्या घरांची सफाई करून हुकूम ऐकलेल्या बाईला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आत जाऊन नवी चिठ्ठी लिहायला बसले. पोलिशमध्ये हाक मारताना नाव बदलतं, हलीनाचं हलीनो होतं. शाळेत घोकलेली आपली संबोधन विभक्ती इथे भेटली, आणि माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं. 'आदरणीय पानी हलीनो,' मी लिहिलं, 'पहिली चिठ्ठी मी चुकीच्या नियमांनी लिहिली. पानींनी क्षमा करावी. पानींच्या गुडघ्याची मला काळजी वाटत होती. पानी येत नाहीत तर घर खायला उठतं.' दोन तास लागले. जाता जाता ती त्यांच्या लेटरबॉक्समध्ये टाकली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात हलीनाबाई, हातात माझी चिठ्ठी. दोन ठिकाणी पेन्सिलीने दुरुस्ती केलेली. आम्ही इंग्लिशमध्येच बोलतो. म्हणाल्या, पहिली चिठ्ठी वाचून जुन्या मालकिणी आठवल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आमच्यात 'पानी' सोडायची परवानगी वयाने मोठी असेल तिने द्यायची असते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी आहे. आजपासून मला नुसतं हलीना म्हणायचं."

इतक्या नियमावल्या चाळल्या, पण हा नियम त्यांतल्या एकीतही नव्हता. माझे डोळे भरून आले. पाच वर्षं मनातल्या मनातसुद्धा मी त्यांना अहोजाहो करत आले होते.

"अगं हलीना, आत ये ना," मी चक्क मराठीत म्हणाले, आणि ती आली.