थांबबाबांचा टोमॅटो

"थांब!"

बाबांनी हिरव्या टोमॅटोवर फुंकर मारली, तो डोक्यावर उंच धरला आणि खचाखच भरलेल्या हॉलने श्वास रोखला. मी मंचाच्या कडेला माइकची वायर सांभाळत बसलो होतो. धंद्याने मी इलेक्ट्रिशियन. दिवे आणि लाउडस्पीकर माझे, भक्ती लोकांची.

"काळाला मी एकच शब्द सांगतो," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "थांब! हे फळ आता पिकणार नाही, सडणार नाही. आणि ज्याच्या उशाशी हे आहे, त्याचं दुखणंही तसूभर पुढे सरकणार नाही. डॉक्टर कापतात, मी थांबवतो!"

लोक त्यांना थांबबाबाच म्हणत. शेजारी काचेच्या पेटीत पुरावा मांडलेला होता, एकाच टोपलीतले दोन टोमॅटो. ज्याला 'थांब' म्हटलं नव्हतं तो लाल होऊन, पाणी सुटून बसकण मारलेला. दुसरा फिकट पिवळा, पण टणक. बायका पेटीला हात लावून डोळे पुसत होत्या. त्यांत माझी थोरली बहीण होती, म्हणून मला हसू फुटत नव्हतं.

ताईला जुना मधुमेह. चपलेने पायाला फोड आला, तो चिघळला, अंगठा काळा पडला. सर्जन स्पष्ट बोलले होते, "अंगठा लगेच काढू. उशीर केलात तर पाऊल जाईल, आणखी उशीर केलात तर जीव." ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधीच ताईने उशाशी टोमॅटो ठेवला, आणि तारीख आली तशी गेली.

"बघ, जसाच्या तसा आहे," ती मला दाखवायची.

"आणि पाय?"

"पाय बघायचा नाही. बाबांनी पट्टी सोडू नका म्हणून सांगितलंय."

पट्टीला वास यायला लागला. तापाने तिचं अंग भाजू लागलं, तेव्हा मी घाबरून भाचीला फोन लावला. ताईची ही एकुलती एक मुलगी दूरच्या बियाणे संशोधन केंद्रात टोमॅटोच्या नव्या जाती तयार करते. "आईजवळ कसलं फळ आहे म्हणालास? रंग कसा आहे?" तिने खोदून खोदून विचारलं आणि मिळेल त्या गाडीने आली.

आईशी भांडायच्या तयारीनेच ती घरात शिरली होती. पण फळ हातात घेतलं आणि भांडण विसरून ते फिरवून फिरवून पाहू लागली.

"मामा, देठाजवळची ही हिरवी पाती बघ. केवढी लांब आहेत! साध्या टोमॅटोची इवलीशी असतात." मग ती वळली. "आई, हॉस्पिटलला चल. आत्ताच्या आत्ता."

"बाबांनी सांगितल्याशिवाय नाही."

"ठीक आहे, आधी त्यांच्याकडे जाऊ. पण तिथे त्यांची लबाडी दिसली तर मी म्हणेन तिथे यायचं."

"दिसली तर," ताई म्हणाली.

आम्ही तिला खुर्चीसकट उचलून हॉलमध्ये नेलं. चेल्याने हिरव्या टोमॅटोंचं ताट बाबांपुढे धरलं होतं. भाची थेट मंचावर चढली आणि कोणाला काही कळायच्या आत तिने एकेका टोमॅटोची पाती खुडून टाकली. सगळे टोमॅटो सारखेच दिसायला लागले.

मी माइक तिच्या हातात दिला.

"बाबा, आता यातलं कुठलंही उचला आणि 'थांब' म्हणा."

बाबांचा हात ताटावर गेला. घुटमळला. एक फळ उचललं, फिरवून पाहिलं, परत ठेवलं. कपाळावर घाम आला.

"तू देठ उघडा केलास! फळाचा प्राण घेतलास, मुली!"

"काळ थांबवता, आणि चार पाती खुडली तर अडलात?"

दोन चेले तिच्या अंगावर धावले. मी मध्ये उभा राहिलो. एकाने माझी गचांडी धरली, दुसरा दिवे बंद करायला पळाला. पण पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "उचला ना बाबा एखादं." मागून आणखी आवाज आले, "हो, उचला! उचला!" चेल्याने माझी गचांडी सोडली.

भाचीने पिशवीतून पिवळसर, टणक टोमॅटो काढले आणि पुढच्या रांगेत दिले.

"हे आमच्या केंद्रातले. तोडून कित्येक आठवडे झाले. यांच्यावर कोणीही फुंकर मारलेली नाही. फळ पिकायच्या वेळी आत एक जनुक जागं होतं आणि मुकादमासारखं बाकीच्यांना कामाला लावतं. रंग भरा, गर मऊ करा, पिकवणारा वायू सोडा! या जातीत त्या जनुकातच बिघाड आहे. मुकादमच कामावर येत नाही, म्हणून फळ पिकत नाही. लांब पाती देणारं जनुक त्याला चिकटूनच असतं, त्यामुळे ओळखायला सोपं. बाबांनी साधी फळं आणि ही फळं एका ताटात मिसळली आणि 'थांब' म्हणायला बरोबर हीच उचलली. फळ बियाण्यातच थांबलेलं होतं. त्याचा माझ्या आईच्या पायाशी काय संबंध?"

"आज योग नाही," असं पुटपुटत बाबा मागच्या दाराने सटकले.

ताईने उशाजवळून सोबत आणलेलं फळ खाली ठेवलं. मग म्हणाली, "पट्टी सोड."

भाचीने सोडली. काळेपणा अर्ध्या पावलापर्यंत चढला होता.

"हे थांबलंच नव्हतं गं," ताई म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडली.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. अर्धं पाऊल गेलं, ताई वाचली. वेळेवर आली असती तर अंगठ्यावर भागलं असतं, असं सर्जन म्हणाले. ते ऐकताना भाची भिंतीकडे तोंड करून उभी होती.

परवा शेजारीण ताईकडे आली. छातीत गाठ लागतेय, आणि पलीकडच्या वस्तीत कोणी मंतरलेलं पाणी देतो म्हणतात, जाऊ का? ताईने तिला बसूही दिलं नाही. काठी घेतली, खास शिवून घेतलेला बूट चढवला.

"न समजणारी गोष्ट दिसली म्हणून लगेच हात जोडायचे नाहीत," ती म्हणाली. "कशी होते ते विचारायचं. आणि दुखणं डॉक्टरला दाखवायचं. चल, मी येते तुझ्याबरोबर."