रिकाम्या टाक्यांचं वऱ्हाड

मुख्त्यारसिंग संधूने पुतण्याच्या लग्नात मिरवण्यासारखं पुष्कळ केलं होतं. पण त्याला स्वतःला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल, तर वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्यांच्या टाक्या त्याने रिकाम्या ठेवायला लावल्या होत्या याचा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो स्वतः प्रत्येक गाडीत डोकावून सुई बघून आला. एका मावसभावाची सुई अर्ध्यावर होती, त्याला त्याने चार लोकांत झापला. कुणाच्या खिशावर एवढा माज करतोस, म्हणाला.

यात हसण्यासारखं काही नाही. आमचं गंगानगर राजस्थानात, आणि गंगानगरचं पेट्रोल म्हणजे सोन्याच्या भावाचं पेट्रोल. आणि आठ किलोमीटरवर साधुवालीची हद्द ओलांडली की पंजाब लागतो, तिथे तेच पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. विहीर वेगळी नाही की टँकर वेगळा नाही, फरक सगळा कराचा. त्यामुळे आमच्याकडे लेकरू चालायला शिकतं, मग बोलायला शिकतं आणि मग 'काटा शून्यावर आल्याशिवाय भरायचं नाही आणि भरायचं ते हद्दीपलीकडे' हे शिकतं. गंगानगरात टाकी फुल करणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर सरकारी गाडीचा ड्रायव्हर.

मुख्त्यारसिंग तर त्याच्याही पुढे गेलेला. अडीच वर्षांपूर्वी कराविरुद्ध मोठं धरणं झालं तेव्हा दोन-तीनशे लोकांसमोर ट्रॉलीवर उभं राहून त्याने शपथ घेतली, की कर उतरेपर्यंत इथल्या पंपाचा एक थेंब विकत घेणार नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात तो पन्नास माणसं घेऊन हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या पंपावर गेला आणि फाटकात उभा राहून एकेक गाडी परत फिरवायला लागला. तो पंप होता दर्शनलाल नारंगचा. आणि दर्शनलाल म्हणजे मुख्त्यारसिंगचा तीस वर्षांचा दोस्त. रोज संध्याकाळचा चहा दोघांनी त्याच पंपावर, त्याच दोन खुर्च्यांवर घेतलेला.

दर्शनलाल बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "मुख्त्यार, कर काय मी लावलाय?"

मुख्त्यारसिंगने आणखी मोठ्याने घोषणा दिल्या. त्या दिवसापासून चहा बंद, बोलणं बंद. पंपावरून जाताना मुख्त्यारसिंग मान उसाच्या शेताकडे वळवायचा. कर काही उतरला नाही, पण शपथ घेतलेली, ती सोडायची कशी? लग्नाच्या आमंत्रणाबरोबर वाटायच्या मिठाईतला एक डबा त्याच्या बायकोने, चरणजीतने, दर्शनलालसाठी बाजूला काढला होता. यादी झाली, त्यात त्याचं नाव नाही, म्हणून मुख्त्यारसिंगने तो तसाच ठेवायला लावला.

नवरदेव नवदीप हा त्याच्या धाकट्या भावाचा, बलकारचा मुलगा. बलकार गेला तेव्हा पोर नऊ वर्षांचं. तेव्हापासून या तायाजीनेच, म्हणजे मोठ्या काकानेच, त्याला शाळेत पोचवला, कॉलेजात घातला, तापात उशाशी बसला. पोटच्या पोरासारखा वाढवला म्हणतात तसा. त्यामुळे हे लग्न नीट पार पडणं म्हणजे त्याच्या दृष्टीने बलकारला दिलेलं उत्तर होतं. मुलगी पंजाबातली, हद्दीपासून वीस किलोमीटरवरच्या गावची. तिचे वडील गुरबचनसिंग फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि घड्याळाचे गुलाम. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, की लावां, म्हणजे गुरुद्वारातले लग्नाचे फेरे, आमच्या गावात दुपारच्या बाराच्या आत लागतात. बारा वाजले की नाही. मग दुसऱ्या दिवशी या.

तर रविवारी सकाळी नऊला नऊ मोटारी आणि एक बस निघाली. धुकं असं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. बैलगाडीच्या वेगाने रांगत सगळे दहाच्या सुमाराला हद्द ओलांडून पलीकडच्या पहिल्या पंपावर पोचले. आणि पंपाच्या तोंडावर दोरी बांधलेली.

आत घोंगडी पांघरून एक कामगार शेंगदाणे खात बसला होता. त्याने बसल्या जागेवरून सांगितलं, की पंजाबातले सगळे पंप आज बंद, उद्या सकाळी सहाला उघडतील. कमिशन वाढवून मिळावं म्हणून मालकांचं आंदोलन आहे, काल रात्रीच ठरलं. मुख्त्यारसिंगचं डोकं फिरलं. लोकांना वेठीला धरून कसलं आंदोलन करता, लग्नघरची माणसं दिसत नाहीत का तुम्हाला, असं तो दोरीवर हात आपटून बोलायला लागला. मागच्या गाडीतून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, की तायाजी, आंदोलनाला आपला जाहीर पाठिंबा असतो ना? दोन-चार जण तोंडावर उपरणं धरून हसले.

पण हसणं फार टिकलं नाही. एक गाडी बंद पडली, मग तिच्यामागची, मग तिसरी. धुक्यात तासभर रांगल्याने जे काय थेंबभर होतं तेही संपलेलं. दोघा-तिघांच्या गाड्या अजून धुगधुगत होत्या, पण वीस किलोमीटरची खात्री कुणीच देईना. बसचा ड्रायव्हर म्हणाला, डिझेल आहे, पण असं आहे की विचारू नका. नुसता नवरदेव पुढे पाठवावा तर त्याची आई, आत्या, सगळ्या बायका त्या बसमध्ये. मुलाची आई नाही आणि लग्न लागलं, असं कुठे असतं?

मुख्त्यारसिंगने सुभेदारांना फोन लावला. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्याकडच्या टाक्याही जेमतेमच आहेत, पण घरात डिझेल आहे, दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या जोडून पाठवतो. तासाभरात पोचतील. जाऊन येऊन बारा होतील, पण बघा बुवा. संधूंचं वऱ्हाड उसाच्या ट्रॉलीत उभं राहून व्याह्याच्या दारात उतरतंय, आणि तेही वेळ टळून गेल्यावर, हे चित्र मुख्त्यारसिंगच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कळवतो, म्हणून त्याने फोन ठेवला.

चरणजीत कौर बसमधून उतरून शाल सावरत त्याच्यापाशी आली.

"एक किलोमीटर मागे पंप आहे," ती म्हणाली. "उघडा आहे. येताना मी बघितला. तुम्ही उसाकडे बघत होतात."

"मला माहीत आहे तिथे पंप आहे."

"मग?"

मग काय, त्याचं घोडं पेंड खायला लागलं. तो म्हणाला, मी इथेच थांबतो, तुम्ही जा, भरा आणि या. मग म्हणाला, शपथ माझी आहे, तुमची कुणाची नाही. मग म्हणाला, पण माझ्या घरच्या लग्नातल्या गाड्या म्हणजे माझ्याच की. दहा मिनिटं तो स्वतःशीच भांडत राहिला आणि घड्याळ पुढे सरकत राहिलं. चुलतभाऊ म्हणाले, सोड ना शपथ. कुणी म्हणालं, शपथेला कोण विचारतंय. त्यावर तो आणखीच पेटला, की मग मी काय गंमत म्हणून अडीच वर्षं ऊन-पाऊस खात सोळा किलोमीटर येरझाऱ्या घातल्या?

तेवढ्यात नवदीप गाडीतून उतरला. तोंडावर मोत्यांच्या झालरी, कमरेला तलवार, ती गाडीच्या दारात अडकली ती सोडवत सोडवत तो काकाजवळ आला. झालर बाजूला सारून म्हणाला, "तायाजी, तुमच्या मनात नसेल तर नको. मी सासऱ्यांशी बोलतो. उद्या लागेल लग्न, त्यात काय."

बोलताना त्याचा आवाज मुळीच हलला नाही. पोरगं खरंच तयार होतं. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त हा आपल्यापायी सोडून द्यायला निघालाय, हे मुख्त्यारसिंगच्या लक्षात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप नसलेल्या पोराने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, हा एक दिवस त्याला मिळालेला होता, तोही तो काकासाठी मोडायला निघाला. आणि काका कशासाठी अडला होता, तर टाळ्यांसाठी. कर तर कुणी एक पैशाने उतरवला नव्हता.

"गाड्या वळवा," तो म्हणाला. "ज्या चालत नाहीत त्या ढकला."

गुलाबी पगड्या घातलेले चाळीस बापये सहा मोटारी ढकलत राजस्थानात परत निघाले. ढोलवाल्याला पैसे दिलेलेच होते, त्याने ढोल सुरू केला. नवदीपचे मित्र ढकलता ढकलता नाचायला लागले. साधुवालीच्या कालव्यावर गाजरं धूत बसलेली माणसं हातातली गाजरं तशीच धरून रस्त्यावर आली. वऱ्हाड उलटं कसं काय चाललंय, मुलीने नाही म्हटलं की काय, असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा. सगळ्यात पुढे मुख्त्यारसिंग एकटा चालत होता. तो ना नाचत होता ना ढकलत होता.

दर्शनलाल पंपावर खुर्ची टाकून बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी. ढोल ऐकून तो उठला, धुक्यातून वऱ्हाड बाहेर आलं तसा दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. ढोलवाल्याला कुणीतरी गप्प केलं.

मुख्त्यारसिंगने वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"पलीकडे सगळं बंद आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"बाराच्या आत पोचायचंय."

दर्शनलालने गाड्या बघितल्या, नवदीपला बघितलं. त्या पोराला त्याने याच पंपाच्या आवारात सायकल शिकवली होती. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुझी शपथ विकत घ्यायची नाही अशी आहे ना? मग तू घेऊ नकोस. मुलाला माझ्याकडून शगुन, लग्नाचा आहेर समज. सगळ्या गाड्या भरून देतो, पैसे नकोत. तुझा शब्दही राहील."

वऱ्हाडात आनंदीआनंद झाला. काय डोकं चालवलं, काय तोड काढली, असं जो तो म्हणायला लागला. मुख्त्यारसिंगची नजर मात्र मशीनवरच्या भावावर होती.

"आणि कर?" त्याने विचारलं.

"तो काय, कंपनीला भरून झालाय. माझ्या खिशातून."

"म्हणजे माझी शपथ तू तुझ्या पैशाने पाळायचीस," मुख्त्यारसिंग म्हणाला. "अडीच वर्षं तूच पाळतोयस ती. गिऱ्हाईक गेलं ते तुझं गेलं, सरकारचं काय गेलं? बास झालं. फुल कर. बससकट सगळ्या फुल कर, आणि पैसे मी देणार, करासकट."

त्या पंपावर एका दिवसात इतक्या टाक्या कित्येक महिन्यांत फुल झाल्या नव्हत्या. दोन्ही कामगार धावत होते, दर्शनलालने स्वतः नळी हातात घेतली. शेवटच्या गाडीचं झाकण लावताना मुख्त्यारसिंग त्याला म्हणाला, तुझीही गाडी काढ, चल.

"मला बोलावणं नाही," दर्शनलाल म्हणाला.

"आता बोलावतोय. कान पकडू का?"

दर्शनलालने हात पुसले. पंपामागे उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आलो असतो रे गाडी घेऊन. पण ती रिकामी आहे."

"रिकामी? तुझी? पंपावर उभी राहून?"

"मी सोमवारी पंजाबात भरतो," दर्शनलाल पुटपुटला. "आता पंप माझा असला म्हणून पैसे मला कमी पडतात का? मलाही याच भावाने पडतं. लिटरमागे आठ-दहा रुपये म्हणजे काही थोडे नाहीत."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. मग मुख्त्यारसिंगच आधी हसला. असा हसला, की त्याला पंपाच्या खांबाला धरावं लागलं. चरणजीत डोळ्यांना शालीचं टोक लावून हसली, ढोलवाल्याने विचारायच्या आत ढोल बडवायला घेतला. कुणीतरी पगडीचं जादा कापड काढून दर्शनलालच्या डोक्याला गुंडाळलं आणि त्याला नवरदेवाच्याच गाडीत पुढे कोंबलं.

तोवर धुकं विरलं होतं, गाड्या सुसाट निघाल्या आणि अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी वऱ्हाड दारात उभं राहिलं. सुभेदारांनी घड्याळ बघितलं, काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. लगेच मिलनी सुरू झाली. मिलनीत दोन्हीकडचे सारख्या नात्याचे पुरुष समोरासमोर येतात, हार घालतात, गळाभेट घेतात आणि जमलं तर एकमेकांना उचलतात. गुरुद्वारातल्या ग्यानीजींनी, म्हणजे पाठ सांगणाऱ्या गुरुजींनी, आधी वडिलांना पुकारलं. बलकारच्या जागी मुख्त्यारसिंग पुढे झाला, सुभेदारांना भेटला. मग पुकारा झाला, "तायाजी."

तिकडून मुलीचा ताया हार घेऊन पुढे आला, सहा फुटी आणि दीडशे किलोचा. इकडून कुणीच येईना. नवदीपचा ताया एकच, तो वडिलांच्या जागी खर्ची पडलेला. बायकांत कुजबुज झाली. ही मिलनी सोडून देऊ, मामांना पुकारा, असं कुणीतरी सुचवलं.

मुख्त्यारसिंग मागे गेला. गर्दीच्या टोकाला, हाताचा पेट्रोलचा वास जातो का ते हुंगत उभ्या असलेल्या दर्शनलालला त्याने मनगटाला धरून ओढत पुढे आणलं आणि त्या पहाडासमोर उभा केला.

ग्यानीजींनी त्या तिरक्या बांधलेल्या पगडीकडे आणि बिनदाढीच्या तोंडाकडे बघितलं. यांचं नातं काय म्हणायचं, असं त्यांनी हळूच विचारलं.

"माझा भाऊ," मुख्त्यारसिंग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "अडीच वर्षं परगावी होता, आज आला."

दर्शनलालने हार घालायला हात वर केले, पण हार गळ्यात पडायच्या आतच मुलीच्या तायाने त्याला कमरेला धरून जमिनीपासून हातभर वर उचलला.