न लागलेली चावी

शहाद्याच्या बाजारात सलीमभाईंचं चाव्या बनवायचं दुकान आहे. अर्ध्या जागेत कानशी, हातोड्या आणि कोऱ्या चाव्यांचे झुबके. उरलेल्या अर्ध्यात त्यांची लेक शगुफ्ता संगणक मांडून कॉलेजच्या पोरांचे फॉर्म भरून देते.

पहिल्या वर्षी तिनं सगळ्या पोरांना एकच पासवर्ड दिला होता. दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शिवाय वहीत लिहून ठेवलेला. फॉर्मच्या दुकानांत असंच चालायचं. मग कुणा खोडसाळानं तो ओळखून धुडकू नावाच्या पोराच्या फॉर्ममधलं कॉलेजच बदललं आणि त्याचं वर्ष वाया गेलं. शगुफ्ता दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून तिनं वही बंद केली आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये पासवर्ड सांभाळणारं ॲप बसवायला लागली. हरेक साईटचा वेगळा, लांबलचक पासवर्ड ॲपनंच बनवायचा, ॲपनंच लक्षात ठेवायचा. पोरानं फक्त एक मुख्य पासवर्ड डोक्यात ठेवायचा. तो कुणालाच सांगायचा नाही, शगुफ्तालाही नाही.

सलीमभाईंना काही ते पटेना.

"शंभर चाव्या एका डब्यात? आणि डबाच कुणी पळवला तर?"

"पळवू दे अब्बा. मुख्य पासवर्ड नसेल तर आत नुसता कचरा दिसतो."

"न उघडणारं कुलूप मी अजून पाहिलेलं नाही, बेटा," असं म्हणून सलीमभाईंनी फेकायला दिलेली ती जुनी वही गुपचूप आपल्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं.

यंदा नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. कॉलेजांची पसंती संध्याकाळी पाचच्या आत कायम करायची होती. शगुफ्ता नेमकी मोलगीच्या पोरींचे फॉर्म भरायला डोंगरात गेलेली, तिचा फोन लागत नव्हता. चारला दहा मिनिटं असताना तापीकाठच्या गावाहून गोपालभाई आपल्या मुलीला, कामिनीला, मोटारसायकलवर घेऊन आले. केळीच्या बागेतून तसेच उठून आलेले, पायाला चिखल.

"सलीमभाई, गावात नेटच नही! पोरनं साल जाई."

कामिनीनं फोन काढला. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती : 'साईट बंद पडते आहे, इथून लवकर लॉगिन करा.' तिनं ती उघडली. तेच बोधचिन्ह, तोच निळा पट्टा, तीच चौकट. पण ॲप काही पासवर्ड भरेना. एरवी चौकटीवर बोट ठेवताच भरणारं ॲप आज ढिम्म बसलेलं.

"पाह्य, तुन्हा ॲप दगा दी ऱ्हायना!" गोपालभाई कळवळले. "पासवर्ड हातवरी टाक ना!"

कामिनीनं ॲप उघडून पासवर्ड कॉपी केला. तिचं बोट चौकटीवर टेकणार, तोच सलीमभाईंनी कानस खाली ठेवली.

"थांब बेटा. काल लागली होती ना ही चावी?"

"हो चाचा. सकाळीसुद्धा लागली, मग नेटच गेलं."

"मग चावी कशाला बिघडेल?" सलीमभाई उठून तिच्याजवळ आले. चाळीस वर्षं लोक त्यांच्याकडे मोडक्या चाव्या घेऊन येत होते. त्यातले निम्मे भलत्याच दाराशी झोंबलेले असत. एकानं तर शेजाऱ्याच्याच शटरमध्ये चावी पिळून तोडली होती. "चांगली चावी लागत नसेल तर जोर नाही लावायचा. आधी दार पाहायचं. आपलंच आहे का?"

कामिनीनं पानाचा पत्ता वाचला. मग ॲपमध्ये जपलेला पत्ता काढून शेजारी धरला. तिचा चेहराच उतरला.

"चाचा, ही साईट वेगळीच आहे. सरकारी नाहीच."

"हाई काय शे?" गोपालभाई फोनवर वाकले. "आपण चोरना हातमा चावी दी ऱ्हायनतूत?"

"दिली नाही ना!" सलीमभाई म्हणाले. "आता आपल्या दारानं जा."

कामिनीनं ॲपमधल्याच पत्त्यावर बोट ठेवलं. खरी साईट उघडायला तीन मिनिटं लागली. तिघंही त्या गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत बसले. मग चौकट आली आणि बोट टेकताच पासवर्ड आपोआप भरला. चार वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली : पसंती कायम झाली.

गोपालभाईंनी चिखलाच्या पायांनी दुकानात उडीच मारली. कोऱ्या चाव्या खणखणत खाली पडल्या. कामिनी मात्र आधी ग्रुपकडे वळली. "त्या लिंकवर जाऊ नका! ॲप भरत नसेल तर पत्ता पाहा. ज्यांनी पासवर्ड हातानं टाकलाय त्यांनी खऱ्या साईटवर जाऊन आत्ताच बदला." ग्रुपातल्या दोघींनी टाकला होता. पावणेपाचला दोघींचेही निरोप आले : बदलला, फॉर्म शाबूत.

शगुफ्ता जीपमधून उतरली तेव्हा दुकानात जिलेबी आणि दहा-बारा पोरं जमली होती. सगळं ऐकून तिनं वडिलांकडे पाहिलं. सलीमभाईंनी खण उघडला आणि ती वही तिच्या हातात दिली.

"अब्बा! ही अजून इथंच?"

"डब्यात नुसत्या चाव्या असतील असं वाटत होतं मला," ते खाली बघत म्हणाले. "त्याला दारंही ओळखू येतात, हे कुठं माहीत होतं? वही फाडून टाक. आणि माझ्याही फोनात बसव ते."

वहीचे तुकडे झाले. ॲप बसलं.

"आता मुख्य पासवर्ड, अब्बा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द धरा."

सलीमभाईंनी डोळे मिटले, हसले, आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "पहिला शब्द—"

"सांगू नका, चाचा!" सगळी पोरं एकदम ओरडली.