बटणाचा ब्रश

"ज्या दिवशी माणसानं स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला, त्या दिवशी संस्कृतीचा अस्त झाला!" विश्वंभर मोकाशींनी बेसिनसमोर जाहीर केले. तोंडात फेस असल्यामुळे संस्कृतीचा बराचसा भाग आरशावर उडाला.

"आरसा पुसून घ्या," निरुपमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बेसिन मी पुसते."

बेसिनमध्ये पेस्टचे दोन गोळे पडले होते. हल्ली रोज पडत. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

संस्कृती बुडवणारा आरोपी शेजारच्या फळीवर उभा होता. पांढरा, गुबगुबीत, पोटावर एक बटण. पुण्याच्या लेकीने, अवंतीने, हा इलेक्ट्रिक ब्रश पाठवून तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या काळात त्याने कुणाचा एक दात पाहिला नव्हता.

मूळ गुन्हा बडोद्याच्या अकोटा भागातल्या दातांच्या डॉक्टर हेतलबेन यांचा. विश्वंभररावांच्या सोललेल्या हिरड्या पाहून त्या म्हणाल्या होत्या, "काका, आ दांत छे, तपेलुं नथी! हाताने घासा, ते पण चालेल. पण हळू, दोन मिनिटं. आणि हात... स्थिर राहत नसेल, तर इलेक्ट्रिक घ्या. नुसता धरायचा. बाकीचं काम तो करेल."

"दात माझे, हिरड्या माझ्या आणि काम तो करणार? मग मी तिथे काय, हजेरी लावायला उभा राहू?"

'हात' या शब्दापाशी क्षणभर थांबण्याचा आगाऊपणा डॉक्टरीणबाईंनी केला, तो विश्वंभररावांना जास्त झोंबला. उजवा हात दिवाळीपासून थरथरत होता. विश्वंभररावांनी त्याला 'थंडी' असे नाव दिले होते आणि घराने ते मान्य केले होते. मे महिन्यातल्या बडोद्यात, जिथे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तिथे एकट्या त्यांच्या उजव्या हाताला थंडी वाजत असे.

आणि हात काही साधासुधा नव्हता. गोरव्याच्या कारखान्यात अडतीस वर्षे त्याने जळक्या मोटरींचे वाइंडिंग केले होते. केसासारखी तांब्याची तार, शेकडो वेढे. इंजिनिअर लोक आपापली मोटर घेऊन येत आणि परत मिळेपर्यंत अदबीने बोलत.

"अहो, एकदा लावून तर बघा," निरुपमाबाई म्हणाल्या. "बटण दाबायला काय जातं तुमचं?"

"मोटर बघितल्याशिवाय मी कशालाही तोंड लावत नाही."

हे ते अगदी मनापासून म्हणाले होते. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि बारीक डिसमिस काढले. स्क्रू ड्रायव्हरला बडोद्यात हेच म्हणतात. ब्रश उघडू नये, असे सोबतच्या पुस्तिकेत अठरा भाषांत छापले होते. विश्वंभररावांना त्यातल्या तीन येत. त्यांनी तिन्ही धुडकावल्या.

आतून मोटर निघाली. शेंगदाण्याएवढी.

"निरू, ये, बघ! ह्याला मोटर म्हणतात ह्यांच्यात! गोरव्यात असला माल झाडताना केरात निघायचा. आणि हा म्हणे माझे दात घासणार!"

"बघून झालं ना? मग लावा परत."

"पाच मिनिटं."

परत लावताना एक तार सुटून आली. केसासारखी. तिला पाहून विश्वंभरराव त्या वस्तूशी पहिल्यांदाच आदराने वागले. चष्मा पुसला, सोल्डरिंगची सळई तापवली आणि टोक तारेजवळ नेले. टोक तारेच्या डावीकडे गेले. मग उजवीकडे. मग वर्तमानपत्रातल्या एका मंत्र्याच्या गालाला भोक पडले. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला. आता दोन्ही हात हलू लागले.

निरुपमाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते चहावर धरलेल्या सायीवरून कळत होते.

"थंडी आहे," मान वर न करता ते म्हणाले.

निरुपमाबाईंनी चहा टेबलावर ठेवला, त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

मग दोघे घामाने निथळत बसून राहिले. तार काही लागली नाही.

संध्याकाळी अवंतीचा फोन आला. "बाबा, ब्रश वापरताय ना?"

"टाकाऊ माल. मोटर अगदीच दुबळी. बंद पडलाय."

"तुम्हाला नाही दुरुस्त करता येणार?"

विश्वंभररावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"हात लावायच्या लायकीचाच नाही तो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर आरोपी नव्हता. विश्वंभरराव साधा ब्रश घेऊन विजयी वीरासारखे आरशासमोर उभे राहिले. पेस्टचा पहिला गोळा बेसिनमध्ये पडला. दुसरा नळावर.

"यंत्र म्हणजे आळशी माणसाचं सोंग आहे," स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. "ज्याला स्वतःचे दात स्वतःच्या हातानं घासता येत नाहीत, त्यानं खुशाल..."

तिसरा गोळा पायावर पडला. त्यांनी ब्रश स्वयंपाकघराच्या दिशेने पुढे केला.

"निरू."

"काय हो?"

"जरा ह्याच्यावर पेस्ट लावून दे."