नायिकेबद्दल एकतीस शंका

आमच्या प्रकाशनात एक नियम आहे. प्रुफं तपासणाऱ्यानं समासात लिहिलेल्या प्रत्येक शंकेला लेखकानं लेखी उत्तर दिल्याशिवाय पुस्तक छापायला जात नाही. शिवाय आतल्या पानावर तपासणाऱ्याचं नाव छापतात. या कादंबरीवर ते माझं असणार होतं, आणि मला ते तिथे नको होतं.

नायिका बहिरी. मीही बहिरी आहे, अकराव्या वर्षीच्या तापापासून; ओठ वाचून बोलणं समजून घेते. शिक्षण भौतिकशास्त्रातलं. मी एकतीस शंका काढल्या. पहिली पान ४१ वर: अंधाऱ्या जिन्यात ती नायकाचे ओठ वाचते. ओठ दिसायला उजेड लागतो. पान ८८: नायक पाठमोरा असताना त्याचं बोलणं तिला 'काळजाने कळते'. म्हणजे कशाने? पान २१२: जन्मापासून कानाची नसच नसलेल्या नायिकेला नायकाच्या एका हाकेनं ऐकू येऊ लागतं. कसं?

लेखकमहाशय तणतणत आले. मिशा ओठांवर उतरलेल्या; निम्मे शब्द मिशांनीच खाल्ले.

"कोण हे दीडशहाणं?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. महाशय तिथल्या तिथे विरघळले. माझ्यासमोर वाकून, तोंड वेडंवाकडं करत एकेक अक्षर सोडू लागले.

"कि-ती धी-रा-च्या हो तु-म्ही!"

"नीट बोला," मी म्हटलं. "असं ताणलं की काही कळत नाही."

ते मालकांकडे वळले. "बोलतात की या!"

"बोलतात. कधीकधी फारच," मालक म्हणाले.

"पान दोनशे बाराचं उत्तर?" मी विचारलं.

"प्रेम, ताई! प्रेमानं काय होत नाही?"

"नस उगवत नाही."

"अहो, ती प्रतीक आहे! समाजाच्या बधिरतेचं!"

"मग समाजाला बहिरा करा. तिला कशाला?"

मालकांचे खांदे हलले. खोकला नव्हता तो. "साहेब, उत्तरं लिहून टाका. सोमवारी छपाई आहे."

दुपारभर ते माझ्यासमोरच्या टेबलावर प्रुफांवरच खोडत, लिहीत बसले. संध्याकाळी गठ्ठा पुढे सरकवला. नायिका आता पान ४० वरच मरत होती. मागून आलेली हाक ऐकू न आल्यामुळे जिन्यावरून पडून. उरलेली पावणेदोनशे पानं नायक तिच्या आठवणीत शहाणा होत होता. एकतीसही शंकांपुढे एकच उत्तर: 'आता लागू नाही.'

मी पान ४० दोनदा वाचलं. बहिऱ्या बाईला हाक ऐकू येत नाही आणि ती पडते. वस्तुस्थितीची चूक सापडेना.

"झालं समाधान?" महाशयांनी विचारलं. आता ते नीट बोलत होते.

मी मरणाच्या प्रसंगातले तीन स्वल्पविराम दुरुस्त केले. मग आतल्या पानावरचं माझं नाव खोडलं.

"ताई, ती जागा रिकामी नाही ठेवता येत," मालक म्हणाले. "कुणाचं तरी नाव लागेल."

"यांचंच घाला. शेवटी तपासलंय यांनीच."

मला वाटलं होतं, निदान आता तरी ते चिडतील. त्यांनी क्षणभर विचार केला, पेन काढलं, आपलं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि त्याच्याआधी 'डॉ.' जोडलं.