चोवीस वडील आणि तीन यंत्रं

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली आणि पाद्रीबाबांशी दोन शब्द बोलायचं सोडून सगळं बिनालितान गाव तेओफिस्ताच्या अंगणात लोटलं. पुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, बाहेरगावाहून आलेला ब्रदर हेरोनिमो, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तळहातावर लाल फडक्यात ठेवलेला एवढासा संगणक. मान खाली घालून तो लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटला. ते लॅटिन पाद्रीबाबांनाही कळलं नसतं, म्हणून तर लोकांना ते फार प्रभावी वाटलं. मग तो एकेक पाऊल टाकत तेओफिस्ताच्या स्वयंपाकघरापाशी गेला आणि यंत्र किंचाळलं. पडद्यावर लाल वर्तुळ उमटलं. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

आमच्या डोंगरांत महायुद्धाच्या शेवटी पळत्या जपानी सैन्याने सोनं पुरलं, ही गोष्ट इथलं पोर दुधाबरोबर पितं. दर दुसऱ्या म्हाताऱ्याकडे नकाशा आहे आणि दर तिसऱ्या दगडावर खूण. या गावाला मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्याचा निकाल त्या अंगणात हात जोडून उभा होता.

ब्रदरची खरी हुशारी आकड्यात होती. आमच्याकडचे म्हातारे गळ्यात पितळेचे ताईत घालतात, त्यांवर देवाच्या सिंहासनाभोवती बसलेले धर्मग्रंथातले चोवीस वडील, म्हणजे वडीलधारे, कोरलेले असतात. ब्रदरने पहिल्याच सभेत विचारलं होतं, “वाट दाखवणारे उपग्रह वर किती फिरतात? चोवीस. आणि वडील किती?” लोकांनी आपापले ताईत चाचपले आणि एकसुरात सांगितलं, चोवीस. झालं. त्या दिवसापासून आकाशातून वडीलच खाली बघत होते आणि हेरोनिमोच्या हातातल्या डबीत बोलत होते. ताईत गळ्यात असताना आणखी पुरावा कोणाला हवा होता?

सोनं सोन्याला ओळखतं, म्हणून नमुना हवा, असंही वडिलांनी कळवलं. मग अंगठ्या, कानांतले डूल, मेलेल्या आईचा सोन्याचा दात, सगळं सिस्टर मिलाग्रिंगच्या झोळीत गेलं. ही सिस्टर म्हणजे ब्रदरची बहीण, असं तोच सांगायचा. ती कायम त्याच्या आसपास एखाद्या बाकावर जपमाळ घेऊन बसलेली असे, झोळी मांडीवर आणि एक हात झोळीत. माझ्या बायकोने, पेर्फेक्ताने, मला न विचारता आपल्या लग्नाची अंगठी दिली. मी ओरडलो तर म्हणाली, “तुमच्या विज्ञानाने कधी सोनं सापडलं का हो?” मी चपला घालून बाहेर निघून गेलो. त्या निघून जाण्याची मला अजून लाज वाटते.

पण या सगळ्यात सुळावर चढली होती ती तेओफिस्ता. ही विधवा, वय अडुसष्ट, खांबांवर उभ्या बांबूच्या घरात एकटी राहायची आणि चिकट भाताच्या वड्या विकून जगायची. सोनं तिच्याच चुलीखाली आहे, असं ब्रदरच्या यंत्राने आठवडाभर आधीच सांगितलं होतं, पण घर हलवायला ती तयार होईना. नवरा त्याच घरात गेला, मीही इथूनच जाणार, हे तिचं म्हणणं. गावाने तिच्या वड्या घेणं बंद केलं. गावप्रमुख कापितान होनोरातो, तिचा सख्खा शेजारी, तिला येता-जाता ऐकवू लागला, “मानांग, तुमच्या एका चुलीपायी सगळ्या गावाने दरिद्री राहायचं का?” मानांग म्हणजे थोरली बहीण. तोंडाने थोरली बहीण म्हणायचं आणि तिचं छप्पर काढायला निघायचं.

आमच्याकडे घर हलवायचं तर सगळा गाव घराखाली बांबू घालून ते खांद्यावर उचलतो. कोणी मजुरी घेत नाही. घरमालकाने उचलणाऱ्यांना जेवू घालायचं, एवढाच रिवाज. पुरात, भूकंपात या रिवाजाने माणसं जगवली आहेत. आता तोच रिवाज तिच्यावर उलटणार होता.

त्याच आठवड्यात माझ्या घरी लुनिंगनिंग दायरित उतरली होती. प्रांताच्या जमीन मोजणी कार्यालयातली ही इंजिनिअर माझी जुनी विद्यार्थिनी, बोलायला कमी आणि टिपायला जास्त. तीन विक्रेत्यांनी कार्यालयाला तीन हातातले संगणक वापरून बघायला दिले होते, तिन्हींतही उपग्रहावरून जागा दाखवायची सोय आणि ब्लूटूथ. कोणतं घ्यावं हे तिने ठरवायचं होतं. म्हणून ती तिन्ही यंत्रं गळ्यात अडकवून गावभर फिरायची. झाडाखाली कोणतं लवकर उपग्रह पकडतं, कोणाची बॅटरी आधी मान टाकते, कोणाचं ब्लूटूथ किती पावलांवर पोचतं, सगळं वहीत लिहायची. लोक हसायचे. हिच्याकडे तीन आणि सोनं एकालाही दिसत नाही!

शुक्रवारी दुपारी जेवताना तिने वही पुढे केली.

“सर, ब्लूटूथ चालू केलं की जवळपासच्या यंत्रांची यादी येते. माझी तीन सोडून गावात आणखी दोन दिसतात. एक ब्रदरचं. दुसरं कोणाचं?”

मी म्हटलं, या गावात धड टीव्ही चालत नाही, दुसरं कुठून येणार?

“दोन्ही कायम एकत्रच दिसतात,” ती म्हणाली आणि माशाचा काटा काढू लागली. “आणि ब्रदर एकटा नदीवर अंघोळीला गेला होता तेव्हा एकच दिसलं.”

मी तेव्हाच चावडीवर जाऊ म्हणालो. ती म्हणाली, सांगून कोणाला पटणार नाही, बघू दे.

तर त्या रविवारी यंत्र किंचाळलं आणि चाळीस जणांनी बांबूला खांदा दिला. तेओफिस्ता बाहेर येईना. घराच्या मधोमध मांडी घालून बसली. कापितानने खूण केली आणि त्यांनी तिच्यासकट घर उचललं, रस्त्यावर नेऊन ठेवलं. ती खिडकीतून बघत होती, रडत नव्हती. कोणी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

उघड्या जमिनीवर कुदळी आल्या, तेव्हा लुनिंगनिंग पुढे झाली. तिने तिन्ही यंत्रं चुलीच्या जागी उरलेल्या दगडावर शेजारी शेजारी ठेवली आणि कापितानला पडद्यावरचा नकाशा वाचायला सांगितला. पहिलं यंत्र म्हणालं, आपण स्वयंपाकघरात आहोत. दुसरं म्हणालं, रस्त्यावर. तिसऱ्याने तोच दगड कापितानच्या डुकरांच्या गोठ्यात दाखवला.

“अशी यंत्रं पाच-दहा पावलं इकडेतिकडे चुकतातच,” ती म्हणाली. “मग सोनं गोठ्याखाली असेल. आधी तो खणू या का, कापितान?”

कापितानला एकदम खोकला आला. गर्दीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

ब्रदरने हात उंचावला. “बाई, तुमची यंत्रं बाजारातली. त्यांच्यावर प्रार्थना झालेली नाही. वडील त्यांच्याशी बोलत नाहीत.”

“बरं, मग तुमच्याच यंत्राने दाखवा. फक्त तेवढा वेळ सिस्टरबाई सरांच्या घरी कॉफी घेतील, झोळीसकट. उन्हात बसल्यात बिचाऱ्या.”

ब्रदर म्हणाला, सिस्टरच्या जपाशिवाय वडील येत नाहीत. पेर्फेक्ता मागून म्हणाली, “जप काय, माझ्या ओसरीवरही होतो. चला.” आणि तिने सिस्टरचा दंड धरला. माझी बायको एकदा दंड धरते तेव्हा सोडवून घेता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माझं घर साठ पावलांवर. ब्रदर चुलीच्या दगडाभोवती फिरला, लॅटिन पुटपुटला, घामाघूम झाला. यंत्र मुकं. मग लुनिंगनिंगने सिस्टरला परत बोलावलं, तिची झोळी मागून घेतली आणि कापितानच्या हाती देऊन त्याला त्याच्याच गोठ्यात उभं केलं. ब्रदरला त्याच्या शेजारी उभं केलं. “आत हात घाला, कापितान. जे चपटं लागेल त्याची बटणं दाबा.”

तीन-चार बटणं फुकट गेली. पाचव्याला ब्रदरच्या हातातलं यंत्र किंचाळलं, लाल वर्तुळासकट. डुकरं बिचकून ओरडली. कापितानने झोळीतून दुसरा संगणक बाहेर काढला, त्याच्यामागोमाग आमच्या अंगठ्या. तेवढ्यात ब्रदर कुंपणाकडे सरकला होता, पण ज्यांनी घर उचललं होतं त्यांनी त्यालाही अलगद उचलून आणलं.

करामत एवढीच होती. सिस्टर झोळीत बटण दाबायची, ब्लूटूथ ते दहा पावलांवरच्या यंत्राला कळवायचं आणि ते किंचाळायचं. उपग्रहांचा यात काही संबंध नव्हता. ते वरून वेळ सांगत फिरतात, खालचं यंत्र ती ऐकून आपण कुठे आहोत एवढंच ठरवतं. त्यांना जमिनीखालचं सोनं दिसत नाही आणि वरची माणसंही. एकटी बाई निवडली तीही विचार करूनच: ती अडली की वडील रागावले म्हणून अंगठ्यांसकट चालतं व्हायचं, आणि खापर तिच्या माथी. पोलिसांनी दोघांना नेलं. पेर्फेक्ताने अंगठी बोटात घातली आणि चार दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही. मलाही तिच्याशी मिळवता येत नव्हती.

ज्यांना मी शिकवलं त्यांना आणि ज्यांना नाही शिकवलं त्यांनाही एवढंच सांगतो. यंत्र नवं असलं म्हणून त्याच्यामागचा माणूस खरा होत नाही. आकडा जुळला म्हणजे पुरावा झाला नाही. दोन यंत्रं शेजारी ठेवून बघा, बाक रिकामा करून बघा, मग काय ते माना. आणि ज्या चमत्कारासाठी एखाद्या गरिबाचं छप्परच काढावं लागतं, तिथे आधी कुदळ खाली ठेवा.

त्या दिवशी चाळीस जणांनी घर पुन्हा उचललं, तेओफिस्तासकट, आणि होतं तिथे ठेवलं. सगळे घाम पुसत निघू लागले तेव्हा ती दारात आली.

“थांबा. घर हलवलंत, तर जेवून जायचं असतं.”

ज्या वड्या आठवडाभर कोणी घेतल्या नव्हत्या त्या तिने केळीच्या पानांवर वाढल्या. कोणी पानाला हात लावेना. ती प्रत्येकापुढून फिरली आणि कापितानपाशी थांबली.

“खा, बाळा. फक्त एक सांग. इतकी वर्षं माझा शेजारी आहेस. माझं घर काढताना त्या डबीला विचारलंस, मला का नाही विचारलंस?”